आनंदोत्सवाचं तिसरं रीळ

"रीळ चोरीला गेलंय आणि चोरही सापडलाय," सरकारी प्रचार कचेरीचे हॅलमसाहेब फोनवर म्हणाले. "तुम्ही फक्त येऊन कागद रंगवा."

घानाच्या स्वातंत्र्याला दहा दिवस उरले होते. जाणाऱ्या इंग्रज सरकारने जाता जाता स्वतःची आरती ओवाळून घ्यायला, सोहळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायचा एक चित्रपट काढला होता. गोऱ्या साहेबाने बोट धरून या देशाला स्वातंत्र्यापर्यंत कसं चालवत आणलं, त्याची चार रिळं. त्यांतलं तिसरं, जनतेच्या आनंदोत्सवाचं, कपाटातून नाहीसं झालं होतं.

इन्स्पेक्टर अम्प्रात्वुम आक्राच्या त्या प्रचार कचेरीत पोचला, तेव्हा म्हातारा पहारेकरी इसाका हातात बेड्या घालून व्हरांड्यात बसला होता. चार वाजता त्याला न्यायाधीशापुढे उभं करायचं होतं. एकवीस वर्षांची नोकरी झालेली, पुढच्या महिन्यात पेन्शन. चोरीचा शिक्का बसला की सगळं पाण्यात.

"पुरावा काय, साहेब?"

"वास घ्या." हॅलमने कपाटाकडे बोट केलं. "ढोसली आणि रीळ विकून आला."

फरशीवर जिन दारूचे तीन डाग होते. तिन्ही कपाटाच्या दारासमोर, एका ओळीत, हातभर अंतराने. कुलूप शाबूत होतं.

"बाबा, तुम्ही पिता?"

इसाकाने मान वर केली. "पाच वेळा नमाज पढतो मी, साहेब. या वयात कशाला नरकात ढकलता?"

"कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे?"

"माझ्याकडे, रिळं जोडणाऱ्या डेंटाकडे आणि सिनेमाच्या गाडीवरच्या लार्बीकडे," हॅलम म्हणाला.

लार्बी अंगणात गाडी धूत होता.

"लार्बीकाका, काल संध्याकाळी कुठे होता?"

"चर्चमध्ये. आणि जिनचं मला विचारूच नका. पूर्वजांच्या नावाने थेंब ओतला म्हणून सख्ख्या भावाला मंडळीतून काढलंय मी."

"मोठी मर्दुमकी केलीत," अम्प्रात्वुम म्हणाला आणि पुन्हा आत आला. "रिळात होतं काय, साहेब?"

हॅलमने एक कागद पुढे सरकवला. लंडनहून रिळांबरोबर आलेला. अम्प्रात्वुमने वाचलं : 'बायका डोक्यावर हात ठेवून नाचतात. दंडांवर मातीचे पट्टे. मुंडण केलेले पुरुष. ढोल. निवेदक : नवी राज्यघटना मिळाल्याचा हर्ष प्रजेच्या अंगात मावत नाही.'

त्याने तो कागद दोनदा वाचला.

"हे पाहिलं कोणी?"

"काल दुपारी, आम्ही चौघांनी. मी, डेंटा, लार्बी आणि दारात उभा असलेला इसाका."

"चित्रण कोणाचं?"

"माझंच. नऊ वर्षं झाली त्याला. अख्खा देश पालथा घातलाय मी."

"डेंटा, तुझं गाव कोणतं?"

खिडकीपाशी रिळं गुंडाळत बसलेली डेंटा वळली नाही. "असामांकोमा."

अम्प्रात्वुमने सगळ्यांना आत बोलावलं.

"साहेब, पिणारा माणूस जिन पोटात ओततो. जमिनीवर, तीनदा, बेताबेताने ओततात ती पूर्वजांसाठी. मेलेल्यांचं काही उचलायचं तर आधी त्यांना विचारावं लागतं. इसाकाबाबा मुसलमान, लार्बीकाका चर्चचे, तुम्ही साहेब. उरली डेंटा."

"पण आनंदाच्या रिळात मेलेले कुठून आले?" हॅलम हसला.

"आमच्या बायका डोक्यावर हात ठेवतात ते मयताला. मुंडणही मयताचंच. राज्यघटना आली सहा वर्षांपूर्वी आणि तुमचं चित्रण नऊ वर्षांपूर्वीचं. त्या साली असामांकोमात सरकारची माणसं कोकोची झाडं तोडायला गेली. शेतकरी आडवे आले. पोलिसांनी पाच जणांना गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यामागे कोण होतं, साहेब?"

हॅलमने खिशातून पाइप काढला.

"पहिली बाई माझी आई," डेंटा म्हणाली. "तिच्या मागेच बाबांचं प्रेत होतं. तेवढं कापलंय. घरात आता पुरुष नाही, म्हणून मीच ओतली. रीळ माझ्या पेटीत आहे. रविवारी बाबांच्या शेजारी पुरणार होते."

"आणि मी, पोरी?" इसाकाने विचारलं.

"सकाळपासून जीभ रेटत नव्हती, बाबा. चुकलं माझं." ती रडू लागली.

"घेऊन जा हिला," हॅलम म्हणाला.

अम्प्रात्वुम टेबलाशी बसला आणि फिर्याद लिहू लागला. लिहून झाल्यावर कागद त्याने हॅलमपुढे ठेवला. 'चोरीस गेलेला माल : असामांकोमा येथे पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्या पाच शेतकऱ्यांच्या अंत्यविधीचं रीळ. चित्रण फिर्यादीने स्वतः केलेलं. आनंदोत्सव म्हणून दाखवायचं होतं.'

"फिर्यादीची सही लागते, साहेब. मालाचं वर्णन खरं असल्याबद्दल. कोर्टात मोठ्याने वाचतात ते."

हॅलमने कागद वाचला, पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"माझी काही तक्रार नाही," तो म्हणाला.

इसाकाच्या बेड्या निघाल्या. डेंटाला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं गेलं. राग काढायला तेवढंच हॅलमच्या हातात उरलं होतं.

"कष्ट मात्र फुकट गेले तुझे," पाइप पेटवत तो तिला म्हणाला. "लंडनला दुसरी प्रत आहे. गुरुवारच्या विमानाने येईल."

डेंटाने अम्प्रात्वुमकडे पाहिलं. "म्हणजे सगळ्या पाहुण्यांसमोर माझी आई आनंदाने नाचणार?"

"हो," अम्प्रात्वुम म्हणाला. "आणि दारात बंदोबस्ताला मी असणार."