सहा टक्के

माझं नाव मुजम्मिल. अमरावतीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे आणि मला एक खोड आहे. दोष सापडल्याशिवाय मी स्क्रू आवळत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "चालू झालं ना भाऊ, द्या आता." मी देत नाही. बंद का पडलं आणि चालू कशानं झालं, हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. माझी बायको अनीसा म्हणते, तुमचा निकाह मशीनशीच लावायला हवा होता.

गोष्ट २०१० सालची. खेड्यांत तेव्हा दिवसातले दहा-बारा तास लाईन नसायची. अशाच एका खेड्यातल्या पंजाबराव नावाच्या गृहस्थांचा फोन तीनदा आला. लॅपटॉप चार्ज होत नाही, घरी येऊन बघा. मी म्हटलं, दुकानात घेऊन या. तर म्हणाले, "तो जागेवरून हालवता नाही येत." मला हसू आलं. उचलून नेता यावा म्हणूनच लोक लॅपटॉप घेतात.

नको म्हणायला हवं होतं. अनीसाचे दिवस भरले होते आणि त्या दिवशी चार वाजता तिला दवाखान्यात भरती करायचं होतं. पण फोनवर ऐकलेला दोष डोक्यातून जाईना. दोनपर्यंत परततो, असं तिला सांगून मी मोटरसायकल काढली.

नांदगाव खंडेश्वरच्या पुढे, डांबरी सोडून आत, टिनाचं घर होतं. अर्ध्या गल्लीला कुलपं होती, पोरं कामाला पुण्या-सुरतेकडे गेलेली. पंजाबरावांनी मला शेवटच्या खोलीत नेलं. खिडकीतून कपाशी दिसत होती. टेबलावर लॅपटॉप, समोर लाकडी खुर्ची आणि भिंतीशी एक भरलेली प्रवासी बॅग. त्यांच्या पत्नी कौशल्याबाई फडक्यानं ती बॅग पुसत होत्या.

"कोणाचा आहे?"

"आमच्या कुलदीपचा," पंजाबराव म्हणाले. "बॅटरी फुल्ल झाली पायजे, भाऊ. बाकी मले काई नको."

"कुठी राह्यते तो?"

पंजाबराव खिडकीकडे वळले. मग बाई म्हणाल्या, "पुण्याले निघाला होता. नोकरी लागली होती. बडनेऱ्याहून गाडी होती. या खुर्चीवर बसून म्हणे, फुल्ल झाली की निघतो, माय."

यात काही नवल नव्हतं. त्या दिवसांत आम्ही सगळेच तसे वागायचो. लाईन असेल तेवढ्यात भरून घ्यायचं, पुढच्या गावी ती असेलच असं कोण सांगणार?

"मंग?"

"मंग लाईन गेली," बाई म्हणाल्या.

पुढे मी विचारलं नाही. लोकांच्या घरात शिरणारा मेकॅनिक तोंड मिटूनच ठेवतो.

मी कामाला लागलो. अडॅप्टर मोजला, एकोणीस व्होल्ट, चोख. पिन हलवून पाहिली, घट्ट होती. बॅटरी काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं आणि पुन्हा बसवली. पडद्याच्या कोपऱ्यात सहा टक्के, प्लग लावलेला, चार्जिंग नाही. बॅटरीचं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून टाकलं, पुन्हा चालू केलं. सहा. मग मी पिशवीतून त्याच मॉडेलची दुसरी बॅटरी काढली. ती मी आदल्या संध्याकाळी दुकानात स्वतः पूर्ण भरली होती. लावली.

सहा टक्के.

इथं मला राग आला. हे सगळं मी उभ्यानं करत होतो, कारण बाई खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. मी खुर्ची ओढली तर म्हणाल्या, "उभ्यानं नाही का होत?"

"बाई, कंबर गेली माही," असं म्हणून मी बसलो.

चार्जिंगचं चिन्ह आलं. सात.

उठलो. चिन्ह गेलं, सहा. बसलो, सात. मी मोठ्यानं हसलो. खुर्चीचा पाय वायरवर होता. वजन पडलं की आतली तुटकी तार जुळत असणार. सापडला चोर! वायर बाजूला घेतली, दुसऱ्या बोर्डावर लावली आणि ऐटीत उभा राहिलो. सहा. बसलो. सात, आठ.

गव्हाचं पोतं खुर्चीवर ठेवून पाहिलं. काही नाही. पंजाबरावांना बसवलं. काही नाही.

"आमी दोघं लय बसलो, भाऊ," ते उठत म्हणाले. "आमच्यानं नाही होत. अकोल्याचा एक मेकॅनिक आला होता, त्यानं साठपर्यंत नेलं. मंग पळाला."

"काहून?"

"सांगतलं नाही. पिशवी बी इथंच टाकून गेला."

मी पुन्हा बसलो. आकडा चढू लागला. बाई बराच वेळ माझ्याकडे पाहत होत्या.

"घरी कोण कोण आहे तुमच्या?"

"बायको आहे. आज-उद्या लेकरू होईन."

त्यांचा चेहरा उतरला. त्या एकदम जवळ आल्या. "जा भाऊ तुमी. आताच्या आता जा. हात जोडतो तुमाले."

"कौशल्या," पंजाबराव म्हणाले, "तीन वर्षं होऊन राहिले कुलदीपले इथं अडकून."

"हे बी कोण्या मायचंच लेकरू आहे ना?"

साडेबारा वाजले होते. मोटरसायकल दारात होती, मला कोणी अडवलं नव्हतं. मी मात्र शहाणपणानं फुगलो होतो. "बाई, दोष सापडल्याशिवाय मी उठत नसतो," मी म्हणालो. हे वाक्य आजवर मी शंभर गिऱ्हाइकांना अभिमानानं ऐकवलं होतं. त्या पदर तोंडाला लावून उंबऱ्यावर जाऊन बसल्या.

एक वाजता लाईन गेली. पंखा थांबला, अडॅप्टरचा हिरवा दिवा विझला. पडद्यावर चार्जिंगचं चिन्ह तसंच होतं. एकतीस.

मी भिंतीतला प्लग उपसून हातात घेतला. बत्तीस. लॅपटॉपची पिन काढली. तेहतीस. शेवटी बॅटरीच काढली आणि मांडीवर ठेवली. खालचा खण रिकामा होता आणि पडदा उजळ होता.

चौतीस.

तेव्हा मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. पण उठलो तर पुन्हा सहा होणार, हा विचार भीतीपेक्षा मोठा निघाला. एवढं झालंय तर बघू पुढे काय होतं, असं मी स्वतःला म्हणत राहिलो. हात मागे नेला तर खुर्चीची पाठ कोमट लागली. मी अजून तिला टेकलोही नव्हतो.

अनीसाचा फोन आला. दोन वाजून गेले होते. मी उचलला नाही, कारण आकडा अठ्ठावन्नवर होता. एकोणसाठ. साठ.

माझ्यामागे कोणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. स्टँडवर गाडीची वाट पाहणारा माणूस घेतो तसा. पंजाबराव माझ्यासमोर खिडकीशी होते. बाई उंबऱ्यावर होत्या.

अकोल्याचा माणूस शहाणा होता.

मी मागे वळून पाहिलं नाही. नव्या, इस्त्री केलेल्या शर्टाचा वास येत होता. सत्तर.

ऐंशी.

"होऊन राहिलं," पंजाबराव पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पंच्याण्णवला बाई उठून आत गेल्या. आल्या तेव्हा हातात वाटी होती, दही-साखरेची. माझ्याकडे न बघता त्या माझ्या बाजूनं गेल्या आणि माझ्या खांद्याच्या मागे, अंदाजानं, चमचा धरला.

"नीट जाय बाबा."

चमचा वाटीत परत पडल्याचा आवाज झाला.

शंभर.

दारावरचा पडदा हलला. पंजाबराव फाटकापर्यंत पोचवायला निघावं तसे बाहेर गेले. भिंतीशी बॅग नव्हती. शेणानं सारवलेल्या जमिनीवर तिच्या जागेचा फिका चौकोन तेवढा होता.

मी लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं. सहा.

मला कोणी धरलं नव्हतं. पाय ठीक होते, हात ठीक होते. उठणार, तोच चिन्ह आलं. सात. एवढं एकदा बघतो, मी मनाशी म्हणालो.

बाईंनी पाण्याचा लोटा आणून माझ्याजवळ ठेवला. मग माझी अवजारांची पिशवी उचलली, फडक्यानं पुसली आणि भिंतीशी, त्या फिक्या चौकोनावर नीट ठेवली.

आठ.

फोन वाजला. पावणेचार. या वेळी मी उचलला.

"कब आ रे जी?" अनीसा रडत होती. "अम्मी ऑटो लेके खड़ी है. दर्द शुरू हो गए मेरे कू. निकले क्या तुम?"

आमच्या घरात मराठी कोणी बोलत नाही. निकला, बस निकला, असं सांगायला मी तोंड उघडलं.

"फुल्ल झाली की निघतो, माय," मी म्हणालो.