सहाव्या मजल्यावरची एकच सही

"मी घर सोडून गेलेय म्हणे! कधी गेले, कुठं गेले, तेवढं शोधून द्या."

शिंपीणबाईंनी मतदारयादी टेबलावर आपटली. खासगी तपास करणाऱ्या वहिनी ती वाचू लागल्या. त्यांचे दीर, भाऊजी, वही उघडून बसले. लिहिणं भाऊजींचं आणि समजणं वहिनींचं, अशी दोघांची वाटणी होती.

मतदान दुसऱ्याच दिवशी होतं. बाईंच्या इमारतीतले, तिसऱ्या ते सहाव्या मजल्यावरचे सत्तावीस जण वगळले होते. सगळ्यांपुढं एकच शेरा: घर बंद, स्थलांतरित. सहाव्या मजल्यावर एकच नाव शिल्लक होतं, ते बाईंच्या यजमानांचं.

"पाणी मुरतंय!" भाऊजी म्हणाले.

बाईंचे डोळे भरून आले. "एकही मतदान चुकवलं नाही हो मी. घरात माझा शब्द कुणी मोजत नाही. तिथं तरी मोजतात."

एका उमेदवाराचा कार्यकर्ता भेटताच उखडला. "त्यातले पंधरा आमचे होते! आम्ही आमच्याच पायावर धोंडा मारून घेऊ?"

यादीची पडताळणी एका शाळामास्तरांनी केली होती. ते खुर्चीतून उठलेच नाहीत. "फाइल कपाटात आहे, तुम्हीच काढा. घरोघर गेलो मी. शिंप्याची सही त्याच्या दारात घेतली."

सहीशेजारी खडूचा निळा डाग होता.

शिंप्याचं दुकान त्याच इमारतीत तळाला, लिफ्टच्या शेजारी होतं. 'लिफ्ट बंद' या पाटीची शाईसुद्धा विटली होती. शिंपी निळ्या खडूनं कापडावर खुणा करत होता.

"सकाळी सातला उतरतो, रात्री नऊला चढतो," तो म्हणाला. "मधे जेवायलाही वर जात नाही."

संध्याकाळी वहिनींनी मास्तरांना दुकानात बोलावलं. ते काठी टेकत आले. शिंपीणबाईही तिथंच होत्या.

"सही वरच्या दारात झालीच नाही," वहिनी म्हणाल्या. "कापड बेततानाचा खडू हाताला होता, म्हणजे ती इथं झाली. लिफ्ट बंद. मास्तर दोन मजले चढले, पुढं गुडघ्यानं नाही म्हटलं. म्हणून दोन मजल्यांची नावं शाबूत आहेत, आणि वरचा फक्त हा एक, कारण सही ज्याची त्यानंच करायची आणि खाली हा एकटाच होता. इथं कट नाही, भाऊजी. गुडघा आहे."

मास्तरांनी मान खाली घातली. "या कामातून सूट मागितली होती. दिली नाही. तो पडताळणीचा शेवटचा दिवस होता."

"आणि 'घर बंद' लिहायला कुणी सुचवलं?"

शिंप्याच्या हातातली कात्री थांबली. "मीच. मास्तरांचे पाय बघवेनात. म्हटलं, आता लिहून टाका, मागाहून दुरुस्त होईल." तो बायकोकडे बघू शकला नाही. "मला वाटलं, उसवून पुन्हा शिवता येईल."

"हरकतीची मुदत संपली," वहिनी हळूच म्हणाल्या. भाऊजींनी वही मिटली. सगळं उलगडलं होतं आणि उपयोग काहीच नव्हता. वहिनींना स्वतःच्या हुशारीची चीड आली.

दुसऱ्या दिवशी शिंपी घराबाहेर पडेना. बायकोनंच त्याला दंडाला धरून केंद्रावर नेलं आणि रांगेत उभं केलं. स्वतःही शेजारी उभी राहिली.

शिपाई जवळ आला. "बाई, यादीत नाव आहे?"

"नाही."

"मग दोरीच्या बाहेर व्हा."

ती बाहेर झाली.