घड्याळावरचे चार मीटर

घरांच्या, पुलांच्या, कारखान्यांच्या प्रतिकृती करण्यात थोरलीची अर्धी हयात गेली होती. गावातल्या घड्याळाच्या मनोऱ्याची मात्र तिने कधी केली नव्हती, कारण कुणी मागितलीच नव्हती. आता ती आपणहून करायला बसली, बाबांसाठी.

बाबांनी त्या घड्याळाला तीस वर्षं चावी दिली. काचबिंदूने दृष्टी गेली आणि त्यांनी एकच धोशा लावला: घड्याळाच्या वर माझी खोली आहे, मला तिथे नेऊन सोडा. घड्याळाच्या वर होती सपाट गच्ची, आणि गच्चीवर आभाळ.

"ताई, त्यांचं डोकं फिरलंय, मान्य कर," धाकटा म्हणायचा. वृद्धाश्रमाचा अर्ज त्याने आणूनच ठेवला होता. बाबांनी एकदा सगळा मनोरा बोटांनी चाचपला, की खोलीचं खूळ आपोआप जाईल आणि बाबा घरात राहतील, असं थोरलीला वाटे.

मापं घ्यायला ती सकाळी दहाला गेली. पद्धत शाळेतलीच. मीटरभर काठीची सावली ऐंशी सेंटीमीटर पडली, मनोऱ्याची तेहतीस मीटर साठ. काठीला जे प्रमाण तेच मनोऱ्याला, म्हणजे उंची बेचाळीस मीटर. खात्री करून घ्यावी म्हणून तिने गच्चीवरून टेप सोडली. अडतीस भरली.

चूक आपलीच, दुसऱ्या कुणाची असणार? ती तीन दिवस तीन वेगळ्या वेळी गेली. शेजारच्या शाळेची उंची सावलीवरून बिनचूक निघाली. मनोरा मात्र दर वेळी बेचाळीस. खरं तर तिने घाबरायला हवं होतं, पण कुतूहलच एवढं, की जेवणावरचं लक्ष उडालं.

शेवटी टेपवर विश्वास ठेवून, शंभरास एक या प्रमाणात, तिने अडतीस सेंटीमीटरचा मनोरा केला.

रविवारी सकाळी बाबा टेबलाशी बसले. समोर धाकटा, पेनाचं टोपण काढून.

"ही तुटकी पायरी. बरोबर. काटे किती नाजूक केलेस गं!" बाबांची बोटं वर सरकत गच्चीच्या कडेला पोचली.

"संपला मनोरा, बाबा."

"संपतोय कसला!"

बोटं वरच गेली. चाचपडत नव्हती, भिंतीवरून जावीत तशी सरळ चालली होती. एका ठिकाणी काटकोनात वळली आणि थांबली.

थोरलीने टेप उभी धरली. बेचाळीस.

"ताई, हवेत हात फिरवतायत ते."

"त्यांचं बोट बघ."

बोटाचा शेंडा चपटा, पांढरा पडला होता. काचेवर दाबल्यासारखा.

"दार आतून लावलंय," बाबा दुखावल्या आवाजात म्हणाले. "माझ्या खोलीत कोण राहायला आलं?"

त्यांनी हवेत दोनदा टकटक केली. आवाज झाला नाही. मग पुन्हा बोट टेकवून वाट बघू लागले.

धाकट्याने पेन खाली ठेवलं.

बोटाचा शेंडा हळूहळू गोल झाला. बोट पुढे गेलं.

थोरलीने बाबांचा दुसरा हात घट्ट धरला.

"आलोच," बाबा हसून म्हणाले.

हाक ना तिने मारली होती, ना धाकट्याने.