शेवटच्याचं होऊ दे

बसा, दिवा जरा अलीकडे ओढा. सांगते, पण मध्ये काही विचारू नका, नाहीतर पुढचं माझ्या घशातच राहील.

त्या सकाळी आम्ही गुहेत गेलो ते मोजणीला. माझं कामच तसं आहे. एखादी जागा निवडायची, तिथला वारा, दगड, पाणी ऐकत बसायचं आणि त्या जागेपुरतंच एक गाणं बांधायचं. ज्याला ऐकायचं त्याने तिथेच यायचं. बंद पडलेला देवमाशांचा कारखाना, गवताच्या छपराचं चर्च, मेंढ्यांचा पडका कोंडवाडा, सगळीकडे गाऊन झालं होतं. आता आमच्या बेटाच्या उत्तरेच्या कड्याखालची गुहा, सील नावाचे समुद्री प्राणी जिथे विसाव्याला येतात ती. शनिवारी होड्या भरून माणसं येणार होती, आणि आवाज आत किती वेळ घुमतो ते मला घड्याळ लावून बघायचं होतं.

होडी शेजारच्या हेरगेरची. पन्नाशीचा माणूस, हात वल्ह्यावर आणि जीभ माझ्यावर. "आमच्या आजोबांनी त्या गुहेत नुसत्या शिव्या घातल्या," तो म्हणाला, "तेव्हा कुणी तिकीट लावलं नव्हतं."

तिसरी माझी आई, सुनवा, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला नेण्यात माझा स्वार्थ होता, उगाच साळसूदपणाचा आव आणत नाही. जुन्या चालीची स्तोत्रं नीट येणारी आमच्या गावात ती एकटीच उरली होती. त्या चालीत प्रत्येकाने आपापल्या सवडीने गायचं असतं. कुणी पुढे, कुणी मागे, एकेक शब्द ताणत. नियम एकच. ओळ संपली की सगळ्यांनी थांबायचं, आणि सर्वांत मागे राहिलेल्याची ओळ पुरी झाल्याशिवाय पुढची उचलायची नाही. लहानपणी मी चर्चमध्ये घाई केली की आई मांडीला चिमटा काढायची. "शेवटच्याचं होऊ दे," म्हणायची.

आईचं येण्याचं कारण वेगळं होतं. तिचा थोरला भाऊ पाउली त्याच गुहेत गेला. बावीस वर्षांचा होता. सील मारायला आतल्या खडकावर उतरला आणि समुद्र फिरला. होडी बाहेर काढण्यावाचून इलाज नव्हता. होडीत त्याचा बाप होता, म्हणजे माझे आजोबा. आपण जिवंत आहोत हे बाहेर कळावं म्हणून पाउली आतून स्तोत्र गात राहिला. भरतीने गुहेचं तोंड बुजलं आणि आवाज ओळीच्या मध्येच पाण्याखाली गेला. आजोबा त्यानंतर चर्चमध्ये कधी गायले नाहीत, आणि आई साठ वर्षं त्या बाजूला फिरकली नव्हती. मी विचारलं तेव्हा मात्र ती लगेच डोक्याला रुमाल बांधून दारात उभी राहिली. तिला ते स्तोत्र एकदा पुरं म्हणायचं होतं.

बाहेर लख्ख ऊन होतं. वल्ह्यांचे दहा फटके मारले आणि अंधार लागला. शेवाळाचा, पक्ष्यांच्या विष्ठेचा आणि ओल्या लोकरीसारखा काहीतरी वास आला. लोकर तिथे कुठून येणार? हेरगेरने वल्ही आत घेतली आणि आवाज उतरवून म्हणाला, "भरती लागलीय. पाव तास. त्याहून जास्त नाही."

आईने पहिली ओळ म्हटली आणि थांबली. मी घड्याळाकडे बघत होते. अशा गुहेत आवाज आठ-दहा सेकंद राहतो. दहा झाले. वीस झाले. आवाज चालूच होता, आईच्या आवाजापेक्षा खाली, जाडसर, आईने न घेतलेल्या सुरांवरून घसरत. मला आधी आनंदच झाला. म्हटलं, काय जागा मिळाली.

मग त्याने श्वास घेतला.

प्रतिध्वनी श्वास घेत नाही. माझ्या हातातलं घड्याळ खाली पडलं. हेरगेरने वल्ही पुन्हा पाण्यात टाकली. "मावशी... झालं. निघू या."

"शेवटच्याचं होऊ दे," आई म्हणाली.

पाणी चढत होतं. छत हाताला लागेल इतकं खाली आलं. हेरगेरने होडी वळवली तर ती हलेना. भिंतीत सीलवाल्यांनी ठोकलेली लोखंडी कडी होती, ती आईने दोन्ही हातांनी धरली होती. मी तिची बोटं सोडवायला गेले. सुटली नाहीत.

"आई, बुडू आपण..."

"साठ वर्षं एकाच ओळीत अडकलाय तो. पुरी करू दे."

मला आई हवी होती. गाणं, शनिवार, मामा, काही नको होतं. आणि आई कशाने सुटेल ते मला ठाऊक होतं. पुढची ओळ उचलली की मागची संपली, असं आमच्यात धरतात. मी पुढची ओळ उचलली.

आतला आवाज तोडल्यासारखा थांबला. आईचे हात कडीवरून गळले. तीन शब्द झाले आणि माझा गळाच बंद पडला. हेरगेर वेड्यासारखा वल्हवत होता, आम्ही दोघी तळाशी आडव्या पडलो होतो आणि वर खडक होडीच्या कडा खरवडत होता.

बाहेर आलो. पाण्यावर लाल चोचीचे पक्षी तरंगत होते, जसं काही झालंच नव्हतं. आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "तोडलंस त्याला." मी तिचे गार हात चोळत राहिले. तेवढ्यात गुहेतून पुन्हा पहिली ओळ आली. या वेळी आवाज दोन होते. दुसरा बाईचा, म्हातारा. मी जन्मभर ऐकलेला. आई माझ्याशेजारी ओठ मिटून बसली होती. तिनेही ऐकलं आणि मान हलवली.

शनिवारचं रद्द केलं. लाटांचं कारण सांगितलं. आई त्यानंतर चार वर्षं जगली, बोलायची, रागवायची, पण सूर म्हणून तिच्या गळ्यातून निघाला नाही. एका रात्री झोपेतच गेली.

गेल्या महिन्यात हेरगेर त्या कड्याखालून होडी घेऊन आला आणि माझ्याकडे कॉफीला बसला. म्हणाला, अजून गातात दोघं. आता पहिली ओळ पुरी करतात. दुसरी तीन शब्दांपर्यंत नेतात आणि थांबतात.

"थांबून काय करतात?"

"काही नाही," तो म्हणाला. "वाट बघतात."

मी ती ओळ म्हणणार नव्हते. कधीच नाही. पण परवा भांडी घासताना माझ्या तोंडून चौथा शब्द निघाला. मी ओल्या हाताने तोंड दाबून धरलं. काल जिना चढताना पाचवा.

ओळीत सातच शब्द आहेत.