पंखाला लागलेली सवय

सकाळपासून सातव्यांदा पंख उठला आणि डोक्यावर यायच्या आतच गवतात बसला.

"अरे देवा, ह्याला झालंय तरी काय!" कुंदाने हातातल्या ब्रेकच्या दोऱ्या झटकल्या.

पॅराग्लायडिंगचा हा पंख अवघा दीड किलोचा, घडी घातली तर शाळेच्या दप्तरात मावेल एवढा. पण त्याच्या कापडात जाणते धागे विणलेले होते. जमिनीवर तीस तास सराव केला, की हे धागे उडणाऱ्याच्या हातांची ओढ शिकत. मग हवेत हात चुकला तरी पंख आपणहून सावरून घेई. म्हणूनच कुंदासारख्या नर्सच्या हाती तो दिला होता. दवाखाना पठारावर, वाड्या खाली दरीत. रस्त्याने दोन तास, पंखाने सहा मिनिटं. गेल्या वर्षी सर्पदंशावरचं इंजेक्शन घेऊन ती धावत उतरली होती. पोचली तेव्हा वाडीतल्या हौसाबाईंची लेक गेलेली होती. तेव्हापासून कुंदाला एका जागी बसवतच नव्हतं.

आणि परीक्षा उद्यावर आलेली. नापास झाली तर पंख दुसऱ्या दवाखान्याला जाणार.

शिकवणाऱ्या पडवळसरांनी मोबाइलवर पंखाची नोंद उघडली. "सिस्टर, ह्याला दोन माणसांचे हात ठाऊक आहेत. घाईचे ते तुमचे. दुसरे कुणाचे?"

कुंदाचा चेहराच उतरला. ड्युटीमुळे तास भरेनात, म्हणून रोज संध्याकाळी तिचा नवरा रघुनाथ पंख धरून उभा राहायचा. पोरांच्या प्रयोगवह्या घरोघरी आईबापच पुऱ्या करतात. तास भरायचे तर कुणी का भरेना, असं तिला वाटलं होतं.

रघुनाथ तिचा डबा घेऊन बांधावर बसला होता. ती तरातरा त्याच्याकडे गेली. "अहो, काय शिकवलंत ह्याला?"

"बसायला," तो खाली मान घालून म्हणाला. "पंख वर आला की डोळ्यांपुढे तू कड्यावरून खाली जाताना दिसायचीस. मग ओढायचो दोऱ्या खाली."

"दर वेळी?"

"दर वेळी. सोळा तास."

कुंदाला संतापाने रडू फुटलं. त्यातही ह्या माणसाबद्दल माया वाटली, आणि त्याचा तर तिला अधिकच राग आला.

"सर, ही सवय पुसता येईल?"

"पुसलं तर तुमचंही जाईल. पुन्हा तीस तास! त्यापेक्षा ज्यांनी बसवायची सवय लावली, त्यांनीच आता उठू द्यावं."

रघुनाथने पट्टे चढवले. पाठ वाऱ्याला, तोंड पंखाकडे. पुढच्या दोऱ्या ओढताच कापड फुगून वर आलं, तसे त्याचे हात सवयीने ब्रेकच्या दोऱ्या खाली ओढू लागले.

"सोडा, अहो! हात वर करा!"

त्याने हात वर केले. पंख त्याच्या डोक्यावर उभा राहिला. एकदा, दहादा, चाळीसदा. उन्हं कलली तेव्हा कुंदाने पट्टे चढवले, आणि पहिल्याच ओढीला पंख उठला नि तिच्या डोक्यावर स्थिर झाला.

"उद्या पास!" पडवळसर ओरडले. रघुनाथ ओढूनताणून हसला. ते हसू काही कुंदाच्या नजरेतून सुटलं नाही.

"खरं सांगा, अजून भीती वाटतेय ना?"

"वाटते," तो म्हणाला. "ती कुठं जाणार?"

वर पंख सळसळत होता. कुंदाच्या हातातल्या दोऱ्या किंचित ताणल्या गेल्या. तिने तर काहीच ओढलं नव्हतं.

"मग उद्या कड्याच्या टोकावरून मी उडी घेतली, की ह्याला तुमचे कुठले हात आठवतील हो, ओढणारे की सोडणारे?"