ओल्या गोळ्यांचा डबा

पहिल्याच भेटीत त्यानं माझ्या स्वच्छ टेबलावर मूठभर चिखल ठेवला. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत, तो ड्रमवर. लोखंडाची माती भट्टीत भाजण्याआधी पाणी शिंपडून ड्रममध्ये घोळवायची, हे त्याचं काम.

"बघा ना... गोळे धरलेत," तो म्हणाला.

टेबल कोण पुसणार, विचारलं तर पठ्ठ्यानं बाहीनंच पुसलं. झालं, मी तिथंच फसले.

नव्या खाणीची माती नुसती पिठासारखी बारीक होती. ती पूड जाड खड्यांना चिकटून गोळे झाले तरच भट्टीत हवा खेळते, नाहीतर सगळं कोंदतं. तीन आठवडे पाणी कमीजास्त करत त्यानं जिवाचं रान केलं. जमलं नाही तर त्याची रवानगी दूरच्या खाणीवर होणार होती. रोज नमुना द्यायला यायचा आणि उगाच रेंगाळायचा.

शेवटचा नमुना देताना म्हणाला, "हे जमलं तर... तुमच्या आईंना भेटायला येईन म्हणतो."

मी कुठली भानावर! हे गोळे ओलेच चाळायचे असतात, वाळले की भुगा होतो. मी मात्र सवयीनं नमुना प्रयोगशाळेतल्या छोट्या भट्टीत वाळवला, चाळला आणि रडत रडत लिहिलं – गोळे धरले नाहीत.

संध्याकाळी ट्रे पुसताना चूक लक्षात आली. धावत ड्रमवर गेले. त्यानं दुपारीच तो गरम ट्रे पाहून माझी चूक ओळखली होती. तरी साहेबांना सांगून आला होता, पाणी मीच कमी मारलं.

"का अंगावर घेतलंत?"

"तुमची नोकरी अजून कच्ची आहे. आणि आईंना तुमच्याशिवाय कोण आहे?"

सकाळी मी साहेबांना सगळं खरं सांगितलं. नवा नमुना ओला चाळला, गोळे शाबूत होते. तो राहिला. चुकीची शिक्षा म्हणून दूरच्या खाणीवरच्या प्रयोगशाळेत मला पाठवलं. खरं सांगितलंस ते बरं केलंस, असं आई म्हणाली आणि माझ्याकडे न बघता दोघींच्या बॅगा भरू लागली.

बस सुटताना त्यानं खिडकीतून एक डबा दिला. आत ओले गोळे.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "आधीच सांगायला हवं होतं."

"मलाही तू..." एवढंच जमलं, बस निघाली.

पोहोचेपर्यंत गोळे वाळून जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. दर दोन तासांनी मी झाकण उघडून बाटलीतलं थोडं पाणी शिंपडत राहिले.