हाकेचा पत्ता

दुपारी प्रिंटर चालेना म्हणून मी लॅपटॉप उघडला. ऑफिसांना नेटवर्क बसवून देणं हा माझा धंदा. घरचंही मीच बसवलेलं. प्रत्येक यंत्राला हाताने नंबर दिला होता. माझा एक, प्रिंटरचा नऊ, मुलीचा दोनशे. "बाबा, मला लांबचा दे, डोकावू नकोस," असं ती हसत म्हणाली होती. तिला आम्ही ठमी म्हणायचो.

हिवाळ्यात ठमी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. तिचा कॉम्प्युटर बायकोने स्वतः पुसून ठमीच्या मावसबहिणीला देऊन टाकला. तिच्या खोलीत भिंतीतून आलेली वायर तेवढी लोंबत राहिली.

नेटवर्कला कुंपण असतं, त्याला मास्क म्हणतात. कुंपणातला शेवटचा आकडा कुठल्याच यंत्राला देत नाहीत. तो हाकेचा पत्ता, सगळ्यांना एकदम हाक मारायला राखलेला असतो. हाक गेली की आत जे जे चालू असेल ते ओ देतं. कुंपण आत ओढलं की शेवटचा आकडाही बदलतो आणि बाहेर राहिलेल्याला हाक ऐकूच जात नाही. आमच्या घरी तो आकडा होता दोनशे पंचावन्न.

मी हाक मारली. पडद्यावर माझ्या लॅपटॉपची ओ उमटली. प्रिंटर गप्प.

आणि दोनशेने ओ दिली.

बायको चहा घेऊन मागे उभी होती. "दोनशे म्हणजे ठमीचा ना?"

"शेजारचं कुणीतरी घुसलं असेल. थांब, बाहेर काढतो."

मास्क बदलून मी कुंपण अर्धं केलं. आता हाकेचा पत्ता एकशे सत्तावीस, दोनशे बाहेर.

ओ आली. शंभरवरून.

पुन्हा अर्धं केलं. हाकेचा पत्ता त्रेसष्ट. ओ आली पन्नासवरून.

"अहो," बायको कुजबुजली, "अलीकडे येतेय ती. ओढा ना आणखी."

हिवाळ्यानंतर तिने पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागितलं होतं. मी ओढत गेलो. प्रिंटरही बाहेर पडला. शेवटी हाकेचा पत्ता उरला तीन. आत दोघांपुरतीच जागा.

एकवर मी. दोनवरून ओ आली.

बायकोने पडद्यावर बोट टेकवलं. "ठमे, जेवलीस का गं?"

मला तिच्याकडे बघवेना.

"आणखी जवळ आणा तिला."

"आता जागाच नाही. यापुढे आत मी एकटाच."

"मग तसं करा."

मी तसं केलं. आता माझा पत्ता तोच हाकेचा पत्ता. लॅपटॉपचं वाय-फाय बंद केलं. वायरही उपटली.

हाक मारली.

एका हाकेला दोन ओ आल्या. दोन्ही माझ्याच नंबरवरून.

बायको पडद्याकडे बघत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आत्ता 'आई' म्हणालात ना," ती म्हणाली, "परत म्हणा."

मी तोंडच उघडलं नव्हतं.